पक्कं बिल, ट्रॉलीचं माप आणि टाइल्सची शेड: घराचं सामान घेताना

हा आजच्या एपिसोडचा मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा आकडे शांतपणे परत बघायचेत, त्यांच्यासाठी.

विषय घराच्या सामानाचा आहे. आपल्यापैकी बरेच जण पुण्यात किंवा हैदराबादला नोकरीला, आणि गावाकडं आई-वडील घराला एक खोली वाढवतायत, बाथरूम करतायत, फरशी बदलतायत. पैसे आपण यूपीआयनं पाठवतो, दुकानात वडील जातात, आणि काय घ्यायचं ते मिस्त्री ठरवतो. गडबड झाली की दुकानदार म्हणतो मिस्त्रीला विचारा, मिस्त्री म्हणतो दुकानदाराला विचारा.

आपल्या जिल्ह्यात हा विषय फक्त पैशाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर कोसळलं, हे त्यामागचं मोठं कारण होतं. लोहारा-उमरगा भागातल्या घरांत त्या आठवणी अजून आहेत. त्यामुळं सळई किती जाडीची आणि सिमेंट किती जुनं, हे विचारणं म्हणजे किरकिर नाही.

आधी माप

वाळू आणि खडी आपल्याकडं ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली दारात आली की टेपनं आतली लांबी, रुंदी आणि माल किती उंचीपर्यंत भरलाय ते फुटात मोजा. तिन्हींचा गुणाकार करून १०० नं भागा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली म्हणजे ९० घनफूट, म्हणजे ०.९ ब्रास. समजा ब्रासचा भाव ६,००० रुपये असेल आणि पैसे पूर्ण ब्रासचे घेतले, तर एका खेपेत ६०० रुपये गेले. अजून एक, ओलसर वाळू फुगते. तेवढीच वाळू जास्त जागा व्यापते, म्हणून ओल्या वाळूचं माप भरलेलं दिसलं तरी माल कमी असू शकतो. मोजायचं ते माल खाली ओतायच्या आधी. ढीग झाल्यावर कुणी काही सिद्ध करू शकत नाही.

सळईचं सूत्र त्याहून सोपं. मिलीमीटरमधली जाडी घ्या, तिचा वर्ग करा, १६२ नं भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीची सळई साधारण ०.८९ किलो प्रति मीटर, म्हणजे १२ मीटरची पूर्ण सळई सुमारे १०.६ किलो. थोडाफार फरक नियमातही मान्य आहे. पण वजन साडेनऊ किलो भरलं तर ती सळई १२ मिमीची नाही. नगावर घेतली असेल तर पैसे गेले. वजनावर घेतली असेल तर पैसे बरोबर गेले, पण कॉलममध्ये लोखंड कमी पडलं, आणि ते जास्त वाईट.

सिमेंटच्या पोत्यावर कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी ते तयार झालं हे छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं पोतं शक्यतो नको, कारण हवेतल्या दमटपणानं त्याची ताकद कमी होत जाते. हात घातल्यावर घट्ट गोळे लागले तर परत पाठवा.

आयएसआय शिक्का बघताना नुसतं चिन्ह बघून थांबू नका. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक. 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप डाउनलोड करा आणि तो नंबर टाका. कोणत्या कंपनीला, कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे आणि तो चालू आहे का, ते लगेच दिसतं. वायर, पाइप, सिमेंट, सळई, सगळ्यांना चालतं. दुकानात उभं राहून दोन मिनिटांचं काम आहे.

टाइल्सचा घोळ

आमच्या घरी बाथरूमच्या कामात झालेलं सांगतो. टाइल्सचे चार बॉक्स कमी पडले. त्याच दुकानातून, त्याच नावाचे, त्याच डिझाइनचे चार बॉक्स आले. भिंतीवर बसल्यावर दिसलं की खालचा भाग पांढरा आणि वरचा पिवळसर. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "साहेब, मालात काय बी खराबी नाही, शेडमध्ये एवढा फरक पडतोच."

तांत्रिकदृष्ट्या तो पूर्ण खोटं बोलत नव्हता. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक लॉटचा रंग किंचित वेगळा येतो, म्हणून तर बॉक्सवर शेड नंबर आणि बॅच नंबर छापतात. पण शेड वेगळी आहे हे देतानाच सांगणं हे त्याचं काम होतं. तेव्हा, सगळे बॉक्स एकाच शेड-बॅचचे घ्या, कटिंग आणि तुटफूट धरून साधारण १० टक्के जास्तीचे एकदमच घ्या, आणि बॉक्सच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. बसवायच्या आधी चार-पाच बॉक्स उघडून उन्हात शेजारी-शेजारी मांडा. एकदा सिमेंट लागलं की तक्रार फार अवघड होते.

"बिल कशाला, जीएसटी वाचेल की!"

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. आणि मोह खरा आहे. ४०,००० च्या टाइल्सवर १८ टक्के म्हणजे ७,२०० रुपये. सिमेंटवर तर आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ वर आला. म्हणजे करापूर्वी ३०० रुपयांचं पोतं आधी ३८४ ला पडायचं, आता ३५४ ला. तरी रक्कम मोठीच वाटते.

पण कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला की तुम्ही काय घेतलं, कधी घेतलं, कोणाकडून घेतलं, याचा धड कागदच उरत नाही. दुकानदारानं 'तो मी नव्हेच' केलं की संपलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तीच गोष्ट सदोष माल परत न घेण्याची. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही भिंतीवरची पाटी सदोष मालाला लागू होत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यात लोक गल्लत करतात. हा हक्क *सदोष* मालासाठी आहे. चांगले पण उरलेले बॉक्स परत घ्यायची सक्ती कायदा दुकानदारावर करत नाही. रंग मशिनवर मिसळून घेतला आणि नंतर आवडला नाही, तर तो परत होणार नाही. म्हणून उरलेला माल परत घेणार का, हे आधी विचारा आणि बिलावरच लिहून घ्या. "घेऊ की, आपलंच दुकान हाय" याला कागदावर किंमत नाही.

मिस्त्री ठरावीकच ब्रँड का सुचवतो, तेही बघा. रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन असतात, काही दुकानं कारागिराला कमिशन देतात. ब्रँड वाईटच असेल असं नाही. फक्त दुसऱ्या दुकानातून एक कोटेशन व्हॉट्सॲपवर मागवा.

गडबड झालीच तर

१. दुकानदाराला आधी लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, पण फोटो, बिल आणि 'अमुक तारखेपर्यंत बदलून द्या' हे त्यात हवं. फोनवरच्या भांडणाचा पुरावा राहत नाही.

२. पाकिटावर किंवा डब्यावर कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक असतो. तिथं तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या.

३. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलता येतं. ती कोर्ट नाही, आदेश देत नाही, पण तक्रार पुढं पाठवते आणि बऱ्याचदा तेवढ्यानं समोरचा हलतो.

४. नाही हलला तर जिल्हा ग्राहक आयोग. वकील सक्तीचा नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते.

आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात कामाचं: माल सोलापूर, लातूर किंवा बार्शीतून आणला असला तरी तक्रार धाराशिवच्या आयोगात करता येते. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथं दाद मागायची सोय दिली. दुसरं, पैसे मुलानं पुण्यातून पाठवले आणि वस्तू वडील वापरतात, तरी ते ग्राहकच आहेत, कारण खरेदीदाराच्या संमतीनं वापरणाराही ग्राहक धरला जातो. बिल मात्र शक्यतो वडिलांच्या नावावरच करा, म्हणजे त्यांना तुमच्यासाठी थांबावं लागणार नाही.

सगळेच दुकानदार फसवतात असं अजिबात नाही. तुटलेली टाइल न विचारता बदलून देणारे, "एवढं लागणार नाही, कमी न्या" म्हणणारे आपल्याच गावात आहेत. अशा दुकानाचं नाव गावाच्या ग्रुपवर नक्की टाका.

हा मजकूर घरच्यांना पाठवा. सळईचं सूत्र, ब्रासचा हिशोब आणि १९१५ या तीन गोष्टी फोनमध्ये सेव्ह करा. तुमच्याकडं असा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. चला, भेटू!