एक 'आब्लार' शिका, शेकडो क्रियापदं पदरात

स्पॅनिश शिकताय? मग 'आब्लार' म्हणजे बोलणे, इथून सुरुवात करा. लिहिताना आधी 'एच' असतो, पण तो मुका! शेवटचा 'आर' काढा, प्रत्यय जोडा: मी आब्लो, तू आब्लास, तो किंवा ती आब्ला, आम्ही आब्लामोस, ते आब्लान. 'तुम्ही सगळे'साठी स्पेनमध्ये मित्रमंडळींत आब्लाइस. लॅटिन अमेरिकेत त्यासाठीही आब्लानच, म्हणजे एक रूप वाचलं. आदरार्थी 'उस्तेद'लाही (आपण) आब्लाच लागतं. रूपावरूनच कर्ता कळतो, म्हणून 'यो' (मी) बहुधा गाळतात. आपल्या बोलतो-बोलतेसारखा लिंगभेद नाही, ही तर चैनच. आब्लामोस मात्र वर्तमानात आणि साध्या भूतकाळातही तेच, संदर्भ पाहायचा. आता हेच प्रत्यय 'त्राबाखार'ला (काम करणे) लावून मोठ्याने म्हणून बघा.