रस्त्याचे आयुष्य आधी कसे मोजतात?

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला या दोन शहरांची नावे गिनेस बुकात गेली. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या, म्हणजे आपल्या जुन्या ६ क्रमांकाच्या महामार्गाच्या, अमरावती-अकोला टप्प्यात ३ जूनच्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरी थर टाकायला सुरुवात झाली. ७ जूनच्या संध्याकाळी ५ वाजता हे काम थांबले, तेव्हा सलग ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका तयार झाली होती. वेळ लागला १०५ तास ३३ मिनिटे. दोन मार्गिकांच्या हिशेबाने हे अंतर साडेसदतीस किलोमीटर भरते. त्याआधीचा विक्रम कतार देशाच्या नावावर होता. तिथे २०१९ मध्ये २५.२७५ किलोमीटर लांबीचा पट्टा टाकला गेला होता.

विक्रम मोजायला घड्याळ आणि फीत पुरते. पण या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. हा रस्ता किती पावसाळे टिकेल? घड्याळ-फितीने त्याचे उत्तर मिळत नाही, आणि दहा वर्षे वाट पाहून मिळालेल्या उत्तराचा उपयोग नसतो. म्हणून उद्या होणारी झीज आज प्रयोगशाळेत घडवून पाहावी लागते. पदार्थाचे गुणधर्म आणि त्याचा भरवसा तपासण्याचे जे शास्त्र विमानाच्या पंख्याला किंवा संगणकाच्या चिपला लावतात, तेच रस्त्यालाही लागू पडते. ते कसे, हे या लेखात पाहू.

आधी थोडे गणित

या कामात ३६,६३४ टन डांबरी मिश्रण लागले आणि त्यात २,०७० टन डांबर होते. भागाकार केला तर मिश्रणात डांबराचे प्रमाण साधारण ५.६५ टक्के येते. बाकी सुमारे ९४ टक्के म्हणजे गिट्टी, चुरी आणि दगडाची भुकटी. आपण ज्याला डांबरी रस्ता म्हणतो तो वजनाने पाहिला तर दगडी रस्ताच असतो. डांबराचे काम फक्त दगडाला दगड चिकटवून ठेवण्याचे.

तरीही रस्ता बिघडतो तो बहुतेक वेळा या पाच-सहा टक्क्यांच्या स्वभावामुळे. म्हणून सुरुवात डांबरापासून करू. येथे डांबर म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर तळाशी उरणारा पदार्थ. दगडी कोळशापासून मिळणारे डांबर निराळे.

उन्हाची परीक्षा

डांबर घन आहे की द्रव? थंडीत हातोडा मारला तर त्याचा तुकडा पडतो. उन्हात ठेवले तर ते पसरते. हवेचे तापमान ४५ अंश सेल्सियस असताना काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळी डांबर फार मऊ झाले, तर ट्रकच्या चाकाखाली रस्ता दबतो आणि बैलगाडीच्या वाटेवर पडते तशी चाकोरी पडते. उलट डांबर फारच कडक घेतले, तर हिवाळ्याच्या पहाटे त्याला तडे जातात.

हा स्वभाव मोजण्याच्या दोन जुन्या रीती अगदी साध्या आहेत. पहिल्या रीतीत २५ अंश तापमानाच्या डांबरात १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंद टेकवतात. ती किती आत शिरली हे मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. दुसऱ्या रीतीत पितळी कड्यात डांबर भरून त्यावर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवतात. मग भोवतालचे पाणी मिनिटाला ५ अंश या गतीने तापवतात. डांबर मऊ होऊन गोळी २५ मिलिमीटर खाली उतरली, की ते तापमान लिहून घेतात. हा डांबराचा मृदुभवन बिंदू.

सुईची परीक्षा २५ अंशांची आणि खरी अडचण ६० अंशांची. म्हणून आपल्याकडे भारतीय मानकाने डांबराची प्रतवारी ६० अंशांवरील श्यानतेवर, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या विरोधावर, बसवली. व्हीजी-३० या नावातला ३० म्हणजे साधारण ३,००० पॉइज श्यानता. व्हीजी-४० त्याहून घट्ट. २०१३ च्या मानकानुसार सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३८ ते ४५ अंश असेल तिथे व्हीजी-३० आणि ४५ च्या वर असेल तिथे व्हीजी-४० सुचवले आहे. मे महिन्यातले अकोला आणि अमरावती या सीमेच्या काठावरच असतात. कोकणात चालणारे डांबर वऱ्हाडात चालेलच असे नाही, ते यासाठी.

याहून आधुनिक उपकरणात दोन चकत्यांच्या मध्ये डांबराचा पातळ थर ठेवून वरची चकती किंचित पुढे-मागे पिळतात. पिळ दिल्याबरोबर पदार्थ वाकला, तर तो रबरासारखा स्थितिस्थापक. पाव आवर्तन, म्हणजे ९० अंश, मागे पडला, तर तो तेलासारखा निव्वळ द्रव. डांबराचा हा कोन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतो, आणि तापमान वाढेल तसा ९० कडे सरकतो. घन की द्रव या प्रश्नाचे उत्तर असे एका आकड्यात मिळते. ही पद्धत रस्त्यांच्या कामात रूढ झाली ती अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळात चाललेल्या मोठ्या महामार्ग-संशोधनातून.

भट्टीतले म्हातारपण

डांबर म्हातारे होते. हवेतला प्राणवायू त्याच्याशी संयोग पावतो, हलके घटक उडून जातात आणि ते ठिसूळ बनते. पहिला मोठा धक्का मिश्रण तापवताना बसतो. त्याची नक्कल करण्यासाठी काचेच्या बाटल्यांत डांबर घालून १६३ अंशांच्या भट्टीत त्या ८५ मिनिटे फिरवतात. त्यामुळे पातळ थराला सतत गरम हवा लागते. त्यानंतर श्यानता मूळच्या चौपटीपेक्षा अधिक वाढता कामा नये.

पुढची वर्षे रस्त्यावर जातात. त्यांची नक्कल करायला हेच डांबर हवेच्या सुमारे २० पट दाबाखाली, १०० अंशांच्या आसपास, २० तास ठेवतात. काही वर्षांचे ऑक्सिडीकरण असे एका दिवसात उरकते. मात्र हे म्हातारपण कृत्रिम आहे. त्यात ऊन-पावसाचा पाठशिवणीचा खेळ नसतो. म्हणून प्रत्यक्ष रस्त्यावरून काढलेल्या नमुन्यांशी त्याचा ताळा वारंवार घ्यावा लागतो.

दगड आणि पाणी

वऱ्हाडात गिट्टीची चिंता कमी. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. तरी खाणीखाणीत फरक असतो. म्हणून पोलादी पिंपात गिट्टी आणि पोलादी गोळे घालून ५०० फेरे देतात आणि किती चुरा झाला ते चाळून पाहतात. वरच्या थरासाठी हा चुरा ३० टक्क्यांच्या आत हवा.

दगड कठीण असला तरी डांबर त्याला धरून राहील का? डांबर फासलेली गिट्टी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवतात. नंतर किमान ९५ टक्के पृष्ठभाग काळा राहिला पाहिजे. पाण्याला दगडाचे आकर्षण डांबरापेक्षा अधिक. संधी मिळताच ते डांबराखाली शिरते. पहिल्या पावसानंतर सुटी खडी रस्त्याकडेला साचते, त्याचे एक कारण हे.

पोकळी हवीच, पण किती?

मिश्रणाची मुख्य परीक्षा ब्रूस मार्शल या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. ती १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. साच्यात गरम मिश्रण भरून साडेचार किलोचा हातोडा सुमारे ४६ सेंटिमीटरवरून दोन्ही बाजूंनी ७५-७५ वेळा आपटतात. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची वडी तयार होते. ती ६० अंशांच्या पाण्यात ठेवून मग दाबतात. तिने किमान ९ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे ९०० किलो वजनाएवढा भार सोसला पाहिजे.

पण भारापेक्षाही महत्त्वाचा आकडा वडीतल्या पोकळीचा. ती ३ ते ५ टक्के हवी. फार कमी असेल तर उन्हात फुगलेल्या डांबराला जागा राहत नाही. ते वर येते, रस्ता चकाकू लागतो आणि दबतो. फार जास्त असेल तर पाणी आणि हवा आत शिरतात.

ही पोकळी मोजण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. आर्किमिडीजचा नियम पुरतो. समजा, वडी हवेत १,१८० ग्रॅम भरली. पाण्यात बुडवून काढून पृष्ठभाग पुसल्यावर १,१८४ ग्रॅम आणि पाण्यात बुडालेली असताना ६८४ ग्रॅम भरली. शेवटच्या दोन वजनांतला फरक ५०० ग्रॅम, म्हणून आकारमान ५०० घन सेंटिमीटर. घनता आली २.३६. पोकळी अजिबात नसती तर याच मिश्रणाची घनता २.४८ असती, असे समजू. तूट सुमारे ४.८ टक्क्यांची, तीच पोकळी. आठवीच्या पुस्तकातला नियम महामार्गाचे भवितव्य सांगतो, तो असा.

खालची काळी माती

वरचा थर सर्व परीक्षांत उत्तीर्ण झाला तरी खाली वऱ्हाडची काळी कसदार माती आहे. कपाशीला जी उपकारक, ती रस्त्याला जाचक. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याचे पापुद्रे पत्त्यांच्या कॅटप्रमाणे एकावर एक रचलेले असून पाणी त्यांच्यामध्ये शिरते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याखाली हेच घडले तर वरचा थर कितीही चांगला असो, तो लहरतो आणि फाटतो.

हे पापुद्रे क्ष-किरणांनी मोजता येतात. स्फटिकातल्या थरांवरून क्ष-किरण ठरावीक कोनांतच जोरकसपणे परततात. त्या कोनांवरून थरांमधले अंतर काढता येते. ब्रॅग पितापुत्रांनी ही वाट १९१३ च्या सुमारास दाखवली. मातीवर ग्लायकॉलची प्रक्रिया केल्यावर हे अंतर १४-१५ वरून सुमारे १७ अँगस्ट्रॉम झाले, तर फुगणारे खनिज हजर आहे असे समजावे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. एवढ्याशा अंतरातली वाढ अब्जावधी पापुद्र्यांत मिळून रस्ता उचलते. अशा मातीत चुना मिसळणे किंवा ती काढून चांगला मुरूम भरणे, हे नेहमीचे उपाय.

सरासरीने फसू नये

आता भरवशाचा प्रश्न. समजा, एका दिवसाच्या मिश्रणाच्या पाच वड्यांतली पोकळी ३.८, ४.१, ४.०, ४.२ आणि ३.९ टक्के आली. दुसऱ्या दिवशी २.१, ६.०, ३.२, ५.८ आणि २.९ आली. दोन्हींची सरासरी बरोबर ४. पण पहिल्या दिवशीच्या पाचही वड्या मर्यादेत आहेत आणि दुसऱ्या दिवशीच्या चार बाहेर. रस्ता सरासरीच्या जागी फुटत नाही. तो सर्वांत कच्च्या जागी फुटतो. म्हणून पदार्थाचा भरवसा म्हणजे सरासरी गुण अधिक त्यांचा विखुरलेपणा, अर्थात प्रमाण विचलन.

भारतीय रस्ते महासभेच्या २०१८ च्या संकल्पन-नियमांत राष्ट्रीय महामार्गासाठी ९० टक्के विश्वसनीयता धरली आहे. ठरलेल्या वाहतुकीपर्यंत १० टक्क्यांहून अधिक लांबी बिघडू नये, असा त्याचा ढोबळ अर्थ. बिघाडाची व्याख्याही आकड्यांत आहे. चाकोरीची सरासरी खोली २० मिलिमीटर झाली, किंवा २० टक्के क्षेत्राला तडे गेले, की थर निकामी.

आयुष्य वर्षांत मोजण्याऐवजी भारांत मोजतात, हेही लक्षात घ्यावे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचणीतून असे दिसले, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दीडपट झाला तर झीज पाचपट, दुप्पट झाला तर सोळापट. कमाल मर्यादेपेक्षा जास्त माल भरलेला एक ट्रक अनेक ट्रकांचे आयुष्य खाऊन टाकतो. प्रयोगशाळेने दिलेला भरवसा त्याच्यासाठी नसतो.

रस्ता झाल्यावरही तपासणी चालू राहते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर वजन आपटून रस्ता किती दबला, हे वेगवेगळ्या अंतरांवर मोजतात. तबकडीजवळचे दबणे सगळ्या थरांची एकत्रित अवस्था सांगते, दूरचे दबणे मुख्यतः खालच्या मातीची. डॉक्टर पाठीवर बोटांनी ठोकून छातीतला आवाज ऐकतात, तसाच हा प्रकार. रस्ता न उकरता रोगाची जागा कळते.

वर्गात करून पाहण्यासारखे

काळ्या मातीची परीक्षा शाळेत सहज होते. शेतातली माती वाळवून कुटा आणि बारीक चाळणीने चाळा. प्रत्येकी १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्या. एकात ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरा. काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास तसेच ठेवा. रॉकेलचे रेणू ध्रुवीय नसल्यामुळे त्यात माती फुगत नाही. पाण्यातले आकारमान २२ आणि रॉकेलमधले ११ मिलिलिटर आले, तर फुगवटा १०० टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेलेली माती रस्त्याखाली तशीच ठेवणे धोक्याचे. रॉकेल हाताळताना जवळ ज्योत नसावी आणि शिक्षकांनी समोर असावे.

प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या गावची माती आणली, तर पूर्णेच्या खोऱ्यातली काळी आणि सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड यांतला फरक एकाच टेबलावर दिसेल. एकाच मातीचे पाच गटांनी पाच आकडे काढावेत आणि सरासरीबरोबर विखुरलेपणाही फळ्यावर मांडावा. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात मार्शलची वडी आणि सुईची परीक्षा पाहता येते. अमरावतीचे शासकीय महाविद्यालय तर १९६४ पासूनचे आहे. तिथे सहल न्यायची झाल्यास मुलांना एक प्रश्न आधीच देऊन ठेवावा. या यंत्राने रस्त्याच्या कोणत्या शत्रूची नक्कल केली आहे, उन्हाची, पाण्याची, चाकाची की वयाची?