शेत कुणाला, सांभाळ कुणाकडे?

म्हातारपणाचा सांभाळ हा आपल्याकडे मायेचा विषय मानला जातो. पण खेड्यात त्याचा हिशेब बहुधा सातबाऱ्यावर होतो. ‘जो सांभाळील त्याला शेत’ हा आमच्या जालना जिल्ह्यातही जुना करार आहे. मूलबाळ नसलेली विधवा पुतण्याच्या नावे जमीन करते आणि बदल्यात दोन वेळची भाकरी व दुखण्याखुपण्यात आधार मागते. करार तोंडी असतो, हीच त्यातली मेख.

माझ्या चुलतीला अर्धांगवायू झाला तेव्हा हा प्रश्न आमच्याही ओसरीवर आला. अंबड तालुक्यातले गाव, तिच्या नावे चार एकर आणि त्यात मोसंबीची बाग. आम्ही पुतणे तिघे. थोरल्याचे जालन्यात मोठे घर, दवाखाना जवळ. धाकटा गावीच, दोन खोल्यांत. बैठकीत एकरांवर बरेच बोलणे झाले. रात्री तिला कुशीवर कोण वळवणार, हे मात्र धाकट्याच्या बायकोनेच विचारले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. ठसका लागू नये म्हणून बसवून भरवावे लागते. मोठ्या घरापेक्षा ही जाण मोलाची. चुलतीलाही विचारले, तिने याच सुनेकडे बोट दाखवले.

मग बक्षीसपत्राचा विषय निघाला. इथे मात्र सावध राहावे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. वारसाहक्काने मालमत्ता मिळणाऱ्या नातेवाइकांवर तो निपुत्रिक ज्येष्ठाच्या निर्वाहाची जबाबदारी टाकतो. वारस अनेक असतील तर हिश्श्याच्या प्रमाणात. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकते. पण अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईला मुलाला दिलेल्या मालमत्तेचा ताबा परत देवविला. तिच्या बाजूने मुलाचे लेखी वचन होते. तोंडी शब्दावर विसंबलेल्या म्हातारीने काय दाखवावे?

बक्षीसपत्राने जमीन आजच हातची जाते. मृत्युपत्र शुद्धीत असेपर्यंत केव्हाही बदलता येते. म्हणून चुलतीने मृत्युपत्र केले. तोवर बागेचे उत्पन्न धाकट्याच्या घरी, औषधपाणी आम्हा दोघांकडे. मृत्युपत्रात तिने धाकट्याबरोबर त्याच्या बायकोचेही नाव घालायला लावले. थोरल्याने भुवया उंचावल्या; पण अशा करारांत सही पुरुषाची आणि राबणारे हात सुनेचे, हे किती दिवस चालायचे?

शेत कुणाला हे ठरवण्याची घाई नसते. रात्री कोण उठणार, हे मात्र त्याच दिवशी ठरावे लागते.