काचबिंदू : न दुखणारा आजार, न चुकवायचे थेंब

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. वय अठ्ठावन्न. वर्तमानपत्र वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे, कशातच अडचण नव्हती. फक्त हल्ली जिना उतरताना एखादी पायरी चुकायची, ओट्यावर बाजूला ठेवलेला पेला हाताचा धक्का लागून पडायचा. ‘वय झालं आता, दुसरं काय!’ असे म्हणून त्या हसायच्या. चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा म्हणून एकदा नेत्रतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टरांनी डोळ्यांतील दाब मोजला, आतली नस पाहिली, आणखी एकदोन तपासण्या केल्या आणि म्हणाले, ‘‘बाई, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली आहे.’’

‘‘पण मला तर सगळं दिसतंय!’’ बाईंचा विश्वासच बसेना.

या आजाराची खरी मेख इथेच आहे. समोरचे शेवटपर्यंत स्वच्छ दिसते, कडेचे हळूहळू नाहीसे होते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे बराच काळ काहीच जाणवत नाही.

दाब का वाढतो?

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते बदलले की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत मात्र डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते आणि गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो व कडेच्या बारीक जाळीतून वाहून जातो. मोरीची जाळी तुंबली की पाणी साठते, तसा हा द्रव साठून दाब वाढतो. साधारणपणे हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. काहींची नस मात्र एवढ्या दाबानेही खराब होते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नसही पाहावी लागते.

एका प्रकारात दाब एकदम वाढतो. डोळा लाल होऊन असह्य दुखतो, उलट्या होतात, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

‘फरकच पडत नाही’

बाईंना रोज रात्री घालायचे थेंब मिळाले. दोन महिने त्यांनी नेमाने घातले. नजर सुधारली नाही, उलट डोळे चुरचुरून लाल होऊ लागले. त्यातच पुतण्याचे लग्न निघाले. गावाला जाताना बाटली घरीच राहिली, ती राहिलीच. ‘फरक पडत नसेल तर पैसे कशाला घालवायचे?’ असे त्यांना वाटले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा चांगल्या डाव्या डोळ्याचीही कड आत सरकली होती.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘बाई, आहे ते टिकलं की औषध लागू पडलं असं समजायचं. चुरचुरतं तर मला सांगा, औषध बदलता येतं. पण बंद करू नका.’’

मधुमेहात साखर, तसा इथे दाब आयुष्यभर सांभाळावा लागतो. दाब एका मिलिमीटरने उतरला तरी नुकसान पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, असे एका दीर्घ पाहणीत आढळले आहे. थेंबांखेरीज लेसरचाही उपाय आहे. सुरुवातीलाच लेसर केलेल्या अनेक रुग्णांना तीन वर्षे थेंबांची गरज पडली नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात दिसले. एवढ्याने भागले नाही, तर शस्त्रक्रियेने द्रवाला नवी वाट करून देतात. यानंतरही नियमित तपासणी सुटत नाही.

दृष्टिक्षेत्राच्या तपासणीला पुष्कळ जण घाबरतात. एक डोळा झाकून समोरच्या खुणेकडे पाहायचे आणि कडेला प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे. ‘मला निम्मे ठिपके दिसलेच नाहीत,’ म्हणून रुग्ण रडकुंडीला येतात. पण यंत्र मुद्दामच ठिपके अंधूक करत जाते. निरोगी डोळ्यालाही त्यातले कित्येक दिसत नाहीत. जुने कागद मात्र जपून ठेवावेत. मागच्या तपासणीशी ताडून पाहिल्यावरच आजार थांबला की पुढे सरकला, हे कळते.

थेंब घालताना

● हात धुऊन मान मागे करा, खालची पापणी ओढून एकच थेंब घाला. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नका.
● मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एकदोन मिनिटे बोटाने दाबून धरा. औषध घशात व रक्तात कमी जाते.
● दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या.
● दमा किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. काही थेंब अशा रुग्णांना चालत नाहीत.
● डोळे आले, खाज सुटली म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. स्टिरॉइडचे थेंब फार दिवस घातल्यानेही काचबिंदू होऊ शकतो.

घरच्यांचीही तपासणी

आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपल्याला धोका कित्येक पटींनी वाढतो. मधुमेह, उणे चष्म्याचा मोठा नंबर, डोळ्याला झालेली जुनी इजा असणाऱ्यांनीही सावध असावे. चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब आणि नस या दोन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात.

बाईंनी धाकट्या बहिणीला बळेच तपासायला नेले. तिलाही काचबिंदू निघाला, पण अगदी सुरुवातीचा. तिची नजर अजून शाबूत आहे.

बाईंची बाटली आता दात घासायच्या ब्रशशेजारी असते. रात्री आठवण करण्याचे काम नातीकडे आहे. ‘‘आजी, थेंब?’’ असे ती विचारते आणि बाई निमूटपणे मान मागे करतात. गेल्या तीन तपासण्यांत डाव्या डोळ्याची कड जिथल्या तिथे आहे.