गॅस भरण्याआधी

नाशिककडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात. युरोपात सुगी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि पाठोपाठ हिवाळा येतो. आपल्याकडच्या ताज्या वाइनपुढे थेट एप्रिल-मेचा उन्हाळा उभा असतो. त्यामुळे वायनरीला थंडावा विकतच घ्यावा लागतो. हल्ली बंगल्यात वाइनची खोली करणाऱ्यांनाही तोच खर्च पडतो.

बाटल्यांना १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. घरातला एसी सहसा १६ अंशांच्या खाली जात नाही, शिवाय हवा कोरडी करतो. अशा हवेत वर्षानुवर्षं बूच सुकतं आणि बाटलीत हवा शिरते. (फिरकीच्या झाकणाला ही काळजी नाही, पण हौशी माणसाला बूचच हवं असतं.) म्हणून वाइनसाठी वेगळं कूलिंग युनिट मिळतं.

ते घेण्याआधी भिंतींवर खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. भिंती, छत आणि जमीन, सगळीकडे पफ किंवा तत्सम उष्णतारोधक थर हवा आणि त्याच्या उबदार बाजूला, म्हणजे आपल्या हवामानात बाहेरून, प्लास्टिकचा बाष्परोधक पडदा. तो चुकून आतून लावला, तर पावसाळ्याची दमट हवा थरात घुसते, थंड पृष्ठभागाशी तिचं पाणी होतं आणि ओला थर उष्णता अडवेनासा होतो. दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी लागते, खालची फटसुद्धा मोकळी सोडायची नाही. काचेचं दार देखणं दिसतं, पण ते दुहेरी काचेचं हवं.

दुसरा प्रश्न आतून काढलेली उष्णता टाकायची कुठे, हा. भिंतीत बसणारं युनिट ती शेजारच्या खोलीत सोडतं, त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची भर पडते. शेजारी बंद स्टोअररूम असेल, तर ती तापत जाते आणि युनिट स्वतःचीच गरम हवा ओढत बसतं. अशी बरीच युनिट बाहेरच्या हवेपेक्षा सतरा-अठरा अंशच खाली जाऊ शकतात. बाहेर ४० असेल, तर आत १३ कुठून येणार? तिथे कंडेन्सर घराबाहेर सावलीत ठेवायचं स्प्लिट युनिट घ्यावं.

युनिट थंड करत नाही म्हटलं की मेकॅनिकचं निदान ठरलेलं: गॅस संपला. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. त्याआधी कंडेन्सरवरची धूळ झाडावी, दोन्ही पंखे फिरतात का आणि हवेच्या वाटेत बाटल्या रचल्यात का, ते पाहावं. आतल्या कॉइलवर बर्फ धरला असेल, तर युनिट बंद करून तो वितळू द्यावा. चाकूने खरवडला तर कॉइलला भोक पडतं. जमिनीवर पाणी दिसलं, तर ड्रेन पाइपचा उतार तपासावा. कॉम्प्रेसर गुणगुणून थांबत असेल, तर कमी दाबाची वीज किंवा कपॅसिटर यांच्यावर संशय घ्यावा. सीलबंद नळ्या आणि विजेची जोडणी मात्र जाणकारालाच उघडू द्यावी.

नव्या खोलीत बाटल्या भरल्यावर कॉम्प्रेसर कित्येक दिवस अखंड चालतो, तो बिघाड नव्हे. हवा लवकर गार होते, बाटलीतला द्रव सावकाश. म्हणून थर्मामीटर पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवावा आणि त्याचाच आकडा धरावा.