छर्ऱ्याचा घेर

महाशिवरात्रीला बीडच्या कंकालेश्वराच्या जत्रेत, फुगे फोडायच्या गाड्यापाशी एक वाक्य हमखास कानावर पडतं, “नळीच वाकडी हाय!” गाडेवाला ते ऐकून घेतो, नळी खाली दाबतो आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी बंदूक भरतो. मी तिथे उभा राहून नळीपेक्षा छर्ऱ्यांची डबीच जास्त बघितली. पत्र्याच्या डबीत ढीगभर छर्रे एकमेकांवर आदळत असतात. बराचसा नेम तिथेच बिघडतो, असं माझं ठाम मत आहे.

एक छर्रा हातात घेऊन बघा. मऊ शिसं, साडेचार मिलीमीटर व्यास. पुढे भरीव डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. चाप ओढला की दाबलेली हवा या घेरात शिरते, घेर फुगून नळीला घट्ट लागतो आणि हवा बाजूने निसटत नाही. बाहेर पडल्यावर त्याच घेराकडे दुसरं काम येतं. वजन डोक्यात असतं, हवेचा अडथळा मागे. छर्रा जरा तिरका झाला की हवा घेराला मागे लोटते आणि डोकं पुन्हा समोर येतं. म्हणूनच नळी आतून पार गुळगुळीत असली तरी चार-पाच पावलांवरच्या फुग्यापर्यंत छर्रा डोकं पुढे ठेवून जातो.

मात्र घेर एका बाजूला चेपलेला असेल, तर नळीच्या तोंडाशी हवा सगळीकडून एकदम सुटत नाही आणि निघतानाच छर्ऱ्याला मागून तिरका धक्का बसतो. घाईत अंगठ्याने दाबलेला छर्रा नळीत वाकडा बसला तरी तेच होतं. गाड्यावरच्या पोराला स्वतः नेम दाखवायचा असला की तो डबीत बोट फिरवतो, एक छर्रा उचलतो, नखाने घेराची कड चाचपतो आणि मगच भरतो. ही तपासणी अगदी योग्य जागी आहे.

दहा मीटरवर हिशेब कडक होतो. एअर रायफलच्या निशाण्यावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलीमीटरचा. अभिनव बिंद्राने 2008 साली बीजिंगला सुवर्ण घेतलं, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत जगज्जेता झाला, ते याच ठिपक्यावर. या रायफलींच्या नळीत पिळाच्या खाचा असतात, त्यांतून छर्ऱ्याला गिरकी मिळते. घेर छर्ऱ्याला सरळ ठेवतोच, मग गिरकी कशाला? कारण कुठलाच छर्रा सगळ्या बाजूंनी सारखा नसतो. न फिरणारा छर्रा त्याच्या दोषाच्या बाजूला सतत सरकत राहतो. फिरणाऱ्याचा दोष क्षणाक्षणाला दिशा बदलतो आणि पुष्कळसा फिटून जातो.

गिरकीचा दुसरा परिणाम मात्र उलटा आहे. ज्वारी राखताना गोफण फिरवलेल्या माणसाला तो चटकन कळेल. दोरी सुटली की धोंडा गोल फिरत राहत नाही. त्या क्षणी त्याचं तोंड जिकडे असेल तिकडे सरळ जातो. छर्ऱ्याचा वजनमध्य अक्षापासून किंचित बाजूला असला तर तोही नळीत अक्षाभोवती फिरत येतो आणि तोंडाशी असाच बाजूला फेकला जातो. समजा, साडेचारशे मिलीमीटरमागे एक फेरा आहे आणि वजनमध्य फक्त 0.02 मिलीमीटर सरकलेला आहे. गणित मांडलं तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ 2.8 मिलीमीटर बाजूला लागतो. त्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलीमीटरपलीकडे गेला की कड ठिपक्याला शिवत नाही, दहाचे नऊ होतात. वेग वाढवूनही सुटका नाही, कारण गिरकी त्याच प्रमाणात वाढते.

फेक कुठल्या बाजूला जाईल, हे छर्रा भरताना त्याची कुठली बाजू वर होती यावर ठरतं. म्हणून काही नेमबाज छर्ऱ्यावर खूण करतात आणि प्रत्येक वेळी ती वरच ठेवून भरतात. दोष जात नाही, पण एकाच दिशेला जातो आणि साइट तेवढी सरकवून घेता येते. मात्र एकाच साच्यातले, एकसारखा दोष असलेले छर्रे असले तरच याचा उपयोग. दहा ठिकाणचे छर्रे एकत्र केले तर खूण करणं व्यर्थ.

शाळेच्या रेंजवर सरावाला जाणाऱ्या मुलांना मी आधी काचेचा तुकडा घ्यायला सांगेन. काच किंचित कलती ठेवायची आणि त्यावरून छर्रा घरंगळू द्यायचा. डोकं आणि घेर यांच्या व्यासात फरक असल्यामुळे तो वळण घेत जातो. सारखं वळण घेणारे एका डबीत ठेवायचे, अडखळत जाणारे फुग्यांसाठी. वजन सराफाच्या काट्यावर करता येतं, मिलीग्रॅमपर्यंत कळतं; पण शिसं एका बाजूला कललेलं असलं तर ते काटा सांगत नाही. चाचपून झालं की हात साबणाने धुवायचे, शिसं पोटात जाता कामा नये. आणि डबी खिशात खुळखुळत न्यायची नाही, आत कापसाचा थर घालायचा.