रुळांच्या कडेने गावात आलेला फोन

१९७१ साली बांगलादेशचं मुक्तियुद्ध चालू असताना, खेड्यात आश्रयाला गेलेल्या एका कुटुंबातला मुलगा धाकट्या भावासाठी औषध आणायला निघाला. सकाळभर चालून पोचला, तर औषध देणारा माणूस जागेवर नव्हता. तो रिकाम्या हाताने परतला. १९९३मध्ये न्यूयॉर्कच्या कचेरीत संगणकांची जोडणी तुटून काम ठप्प झालं, तेव्हा इक्बाल कादिर यांना लहानपणीची ती पायपीट आठवली. दोन्ही दिवस संपर्काअभावीच वाया गेले होते.

कादिर यांनी बांगलादेशातली, गरीब बायकांना छोटी कर्जं देणारी मुहम्मद युनूस यांची ग्रामीण बँक गाठली. कर्ज काढून बाई गाय घेते, तसा फोन का घेऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. नॉर्वेची टेलेनॉर कंपनी भागीदार झाली, १९९६मध्ये परवाना मिळाला आणि २६ मार्च १९९७ रोजी, तिथल्या स्वातंत्र्यदिनी, ग्रामीणफोन ही मोबाइल सेवा सुरू झाली. गावातली एक कर्जदार बाई फोन घ्यायची आणि शेजारीपाजारी पैसे देऊन बोलायचे. आपल्याकडच्या पिवळ्या एसटीडी बूथचंच हे रूप, फक्त ते तिच्या अंगणात होतं. आखातात गेलेल्या मुलाची खुशाली तिथे कळे, शहरातला भाजीचा भावही.

एवढी गोष्ट जगभर सांगितली जाते आणि श्रेय त्या छोट्या कर्जांना, म्हणजे सूक्ष्मकर्जाला, दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. बांगलादेश रेल्वेने नॉर्वेच्या मदतीतून रुळांच्या कडेने प्रकाशतंतूंची केबल आधीच टाकली होती. ती रेल्वेच्या स्वतःच्या कामाची. क्षमता मात्र गरजेहून कितीतरी जास्त. ग्रामीणफोनने ती भाड्याने घेतली आणि देशभर पसरण्याचा कणा तयार मिळाला. सरकारी मालमत्ता दुसऱ्याला वापरू देण्याचा हा निर्णय नसता, तर अंगणातला फोन ढाक्याच्या आसपासच राहिला असता.

उलट सरकारी दूरध्वनी मंडळाने खासगी कंपन्यांना आपल्या जाळ्याशी पुरेशा जोडण्या दिल्या नाहीत. परिणामी बहुतेक मोबाइलवरून फक्त मोबाइललाच फोन लागे. सरकारी कचेरीचा साधा फोन लागत नसे. स्पर्धकानेच दार उघडायचं, अशी ती व्यवस्था होती. स्वतंत्र नियामक आयोग उभा राहिला तो २००२मध्ये.

पुढे फोन स्वस्त झाले, घरोघरी आले आणि फोनवाल्या बाईची कमाई आटली. तिचं काम झालं होतं, असं म्हणता येईल. पण तिचं कर्ज आणि तिचं घर त्याच कमाईवर चालत होतं, हेही विसरू नये.

दार उघडणं जसं सरकारच्या हाती, तसं ते बंद करणंही. जुलै २०२४मध्ये बांगलादेशात विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. १८ तारखेला मोबाइल इंटरनेट बंद झालं आणि त्याच रात्री ब्रॉडबँडही. जळालेल्या डेटा सेंटरचं कारण सांगण्यात आलं. मोबाइल इंटरनेट परतलं ते २८ जुलैला. त्या आंदोलनातून घडलेल्या सत्तांतरानंतरच्या चौकशीत निष्पन्न झालं की इंटरनेट बंद होण्याशी आगीचा संबंध नव्हता. ते सरकारच्याच सांगण्यावरून बंद केलं होतं.